चार चेंडूंचा पिचर

बाराओना गावात पंक्चर काढणारे पंधरा-वीस जण तरी असतील, पण त्यांतला एकच जण असा होता की टायर हातात घेताना तो गिऱ्हाइकाकडे बघायचा, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं की फाटलंय ते आपलंच काहीतरी. लेओविहिल्दो फेलिस त्याचं नाव. गाव त्याला हिल्दो म्हणायचं. साखर कारखान्याच्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान होतं. ऑक्टोबर उजाडून बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की छपराखाली एक टीव्ही लागायचा, आणि मग टायरची ठोकाठोक आणि हिल्दोची शेरेबाजी दोन्ही एकाच तालात चालायच्या.

"हा पिचर?" टीव्हीतल्या पोराकडे टायर उचकटायची लोखंडी टॉमी रोखून तो म्हणायचा. "याच्या हातात चेंडू दिला कोणी? याला पाव विकायला पाठवा. आणि सरासरी किती म्हणे? चार पूर्णांक दोन! अरे, लाज नाही वाटत, छातीवर नंबर लावून फिरतो ते?"

नवखा कोणी असला तर तिकडच्या रीतीनं मान देऊन विचारायचा, "डॉन, तुम्ही खेळलाय का?"

त्या प्रश्नाचीच तर तो वाट बघत असायचा. टॉमी खाली ठेवून, हात पुसून, एकेक शब्द मोजून तो सांगायचा, "सालिनेरोस क्लब. चार हंगाम. पिचर म्हणून सरासरी शून्य. पूर्णांकापुढेही शून्य, त्याच्यापुढेही शून्य. या क्लबात आजवर माझ्याइतकी कमी कुणाची नाही."

चेंडू टाकणाऱ्या पिचरची लायकी ज्या मापानं मोजतात ते माप सोपं आहे. नऊ डावांमागे त्यानं किती धावा दिल्या, तेवढा त्याचा आकडा. तीनच्या आत राहिला तो बरा. पाचच्या वर गेला की त्याला घरचा रस्ता. हिल्दोचा आकडा शून्य होता, आणि तो खोटा नव्हता. म्हणून तर सगळी पंचाईत झाली.

हिल्दो मुळात पिचर नव्हताच. दुसऱ्या बेसवर उभा राहणारा, आणि तोही जो नेहमीचा होता त्याचा पाय मुरगळला तर. चार हंगामांत त्रेचाळीस सामने त्याच्या वाट्याला आले. बॅट घेऊन सहा वेळा उभा राहिला तर एकदा कसाबसा बेसला लागायचा. बाकी वेळ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चावायच्या आणि सालं थुंकायची. बाकावरून त्याला सगळ्यांचे दोष दिसायचे. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप आळशी, पिचरचा चेंडू झेलणारा कॅचर जाडा, मॅनेजर म्हातारा. स्वतःच्या बॅटबद्दल विचारलं की म्हणायचा, मला लय सापडायला रोज खेळवायला हवं.

शहाऐंशी सालच्या डिसेंबरात, एका रविवारी दुपारी, राजधानीचा संघ बाराओनाला आला आणि त्यानं सालिनेरोसना तेवीस-दोननं झोडलं.

तेवीस-दोन हा आकडा ऐकायला जितका वाईट आहे, त्याहून बघायला वाईट होता. पहिल्याच डावात पाच धावा गेल्या. सुरुवातीचा पिचर होता वेन्सेस्लाओ कुएवास, छत्तीस वर्षांचा, सोळा हंगाम सालिनेरोससाठीच चेंडू टाकलेला. तिसऱ्या डावात त्याच्या खात्यावर आठ धावा झाल्या तेव्हा मॅनेजर डॉन तुलिओ रेसिओ स्वतः मैदानात गेला आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. त्याच्यामागून आलेल्यांनीही वेन्सेपेक्षा बरं काही केलं नाही. राजधानीवाल्यांचे पंचवीस फटके, अकरा जणांना फुकट पहिला बेस, आणि आपल्या क्षेत्ररक्षकांच्या पाच चुका. सातव्या डावापासून गावच्याच लोकांनी पाहुण्यांच्या फटक्यांना टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोणीतरी आपल्या शॉर्टस्टॉपच्या दिशेनं एक जिवंत कोंबडी सोडली. "घे, ही तरी पकड!" शॉर्टस्टॉपनं ती पकडली नाही.

आठव्या डावाअखेर डॉन तुलिओनं बाकाकडे पाहिलं. पाच पिचर संपले होते. उरलेल्या दोघांना मंगळवारी लागायचं होतं, त्यांना या चिखलात घालण्यात अर्थ नव्हता.

"हिल्दो," तो म्हणाला.

"काय, डॉन?"

"तुझा हात खांद्याला जोडलेला आहे ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे जा आणि तीन जणांना बाद कर. झेलायला मागे सात जण आहेत. तू फक्त चेंडू तिकडे पोचव. जोर लावू नकोस, उगाच कोणाचं डोकं फुटायचं."

हिल्दो मातीच्या उंचवट्यावर चढला तेव्हा प्रेक्षकांत हशा उसळला. मैदानाबाहेर राजधानीवाल्यांची बस इंजिन सुरू करून उभी होती आणि ड्रायव्हर मिनिटामिनिटाला भोंगा वाजवत होता. बारा वाजल्यापासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. त्यांचा पहिला फलंदाज आला, पहिल्याच चेंडूवर डोळे मिटल्यासारखी बॅट फिरवली आणि चेंडू उंच उडून मधल्या खेळाडूच्या हातात पडला. दुसऱ्यानंही पहिलाच चेंडू मारला, डावीकडे साधा फटका, पहिला बेस. तो तिथे पोचून कमरेवर हात ठेवून बसकडे बघत उभा राहिला. तिसऱ्यानं एक चेंडू सोडला, त्याला त्याच्याच बाकावरून शिवी पडली, आणि पुढचा त्यानं जमिनीलगत मारला. दिवसभर झोपलेला शॉर्टस्टॉप तेवढ्यात जागा झाला. त्यानं आडवी उडी मारून चेंडू अडवला, गुडघ्यावर बसूनच दुसऱ्या बेसला फेकला, तिथून पहिल्याला. दोघे बाद. डाव संपला.

चार चेंडू. एक डाव, एक फटका, शून्य धावा.

लोक उभे राहिले. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या, "हिल्दो! हिल्दो!" असा गजर झाला. ती थट्टा होती हे मैदानातल्या कोंबडीलाही कळलं असतं. हिल्दोला कळलं नाही. त्यानं टोपी काढून चारी दिशांना लवून नमस्कार केला. त्यामुळे गजर आणखी वाढला, आणि तो आणखी लवला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सामन्याचा तक्ता आला. सालिनेरोसच्या सहा पिचरांची नावं एकाखाली एक, आणि समोर आकडे. वरच्या पाचांपुढे आठ, चार, चार, तीन, चार. सगळ्यात खाली फेलिस: शून्य. खाली बातमीदारानं लिहिलं होतं, "काल सालिनेरोसकडे एकच पिचर होता, आणि तो दुसऱ्या बेसवर उभा राहतो." टोमणा पिचरांना होता. हिल्दोनं तो कापून पाकिटात ठेवला.

त्या दिवसापासून त्याची जीभ सुटली. सरावाच्या वेळी तो पिचरांच्या मागे जाऊन उभा राहायचा. "मनगट वळव जरा. घाई काय आहे? त्याला खेळू दे, तोच बाद होतो." विशीतली पोरं हसायची. वेन्से हसायचा नाही. तो बर्फाच्या बादलीत कोपर बुडवून बसलेला असायचा आणि हिल्दो जवळ आला की मान वळवून भिंतीकडे बघायचा.

"वेन्से, तुला राग येतो का माझा?" हिल्दोनं एकदा विचारलंच.

"नाही."

"मग बघत का नाहीस?"

"बघण्यासारखं काही दिसलं की बघेन."

हिल्दोनं ते असं समजून घेतलं की म्हाताऱ्याला जळजळ होते. आठ धावा कुठे आणि शून्य कुठे.

दोन आठवड्यांनी संघ पूर्वेकडे गेला होता. तिथंही तीच गत. सहा डावांत सोळा-तीन. तिथले लोक तर अर्धे उठून घरी गेले होते. पुढे असलेला यजमान संघ नववा डाव खेळत नाही, म्हणून उरलेले दोन डाव कोणीतरी टाकायला हवे होते, आणि डॉन तुलिओला विचार करावा लागला नाही.

"हिल्दो, ऊठ. दोन डाव."

हिल्दो उठला नाही. त्याच्या मनात तेव्हा काय झालं ते त्यानं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते फार गुंतागुंतीचं नव्हतं. समोरच्या संघाची बस उभी नव्हती. ते आपल्याच गावात होते, जेवून आलेले होते, आणि त्यांचे तरणे फलंदाज हंगाम संपायच्या आत आपापले आकडे फुगवायला बॅटा घासत बसले होते. एका धावेनं शून्याचे तीन झाले असते, तीन धावांनी नऊ. पाकिटातलं कात्रण त्याला मांडीवर जाणवत होतं.

"डॉन, खांदा दुखतोय," तो म्हणाला.

"कुठला?"

"उजवा. सकाळपासून."

दुपारीच हॉटेलच्या अंगणात हिल्दो त्याच उजव्या हातानं संत्री फेकून कॅचरच्या टोपीला नेम मारत होता, आणि पैज जिंकला होता. ते सगळ्यांनी पाहिलेलं. डॉन तुलिओनंही.

"खांदा दुखतोय," डॉन तुलिओ सावकाश म्हणाला. जणू त्याला परकी भाषा शिकायची होती.

"फार दुखतोय."

तेवढ्यात बाकाच्या टोकाकडून वेन्से उठला. परवाच त्यानं सात डाव टाकले होते. कोणी काही बोलायच्या आत त्यानं हातमोजा घेतला आणि मैदानात गेला. त्यानं दोन डाव टाकले, पाच धावा दिल्या. दुसऱ्या डावात कोपरातून जुनं कापड टरकावल्यासारखा आवाज आला. तो कॅचरलाही ऐकू आला. तरी उरलेला एक बाद त्यानं चेंडू अक्षरशः लोटून मिळवला. मग तो आला, बसला, आणि हात मांडीवर ठेवून त्याकडे असा बघत राहिला, जणू ती कुणीतरी विसरून गेलेली वस्तू आहे. त्यानंतर त्यानं एकही सामना खेळला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत डॉन तुलिओ दारात उभा राहिला. तो ओरडणारा माणूस नव्हता.

"पोरांनो," तो म्हणाला, "या खोलीत एक माणूस असा आहे ज्याची सरासरी शून्य आहे. उद्यापासून त्याच्यासाठी वेगळा टॉवेल ठेवा. त्याला धक्का लावू नका. तो फुटेल."

बास. एवढंच. हंगाम संपेपर्यंत हिल्दोशी कोणी बोललं नाही. तो आत आला की कोणीतरी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, आणि बाकीचे तसेच गोल करून एका डोळ्याला लावून त्यातून त्याच्याकडे बघायचे. जानेवारीअखेर क्लबनं त्याला सोडलं. इतर क्लबांना त्यानं पत्रं लिहिली, कात्रणाची नक्कल जोडून. एकानंच उत्तर दिलं: पिचर हवेत, पण खांदा धड असलेले.

हिल्दोचं मत मात्र पक्कं झालं. या देशात गुणाची किंमत नाही.

आता खांद्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. एकदा दुखतो म्हटल्यावर तो दुखायलाच हवा. गाव लहान. गल्लीत रविवारी पोरं-बापे खेळायचे, कोणी ना कोणी हाक मारायचंच. "हिल्दो, ये, एक डाव टाक!" हिल्दो उजवा खांदा धरून तोंड वाकडं करायचा. "या खांद्यानं कारकीर्द संपवली माझी. तुम्हाला काय कळणार?" दुकानात टायर रिममधून काढताना तो टॉमीवर डावा हात टाकायचा, कारण समोर गिऱ्हाईक असायचं. काम दुप्पट वेळ खायचं. गिऱ्हाईक खोळंबून शेजारच्या दुकानात जायचं, आणि हिल्दो त्याच्या पाठीकडे बघून म्हणायचा, "जा, जा. अडाण्यांची लायकी अडाण्यांकडेच."

त्याची मुलगी युदेल्का आठ वर्षांची असताना हातमोजा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली होती.

"पापा, मला चेंडू टाकायला शिकव."

"बस इथे. सांगतो."

"सांगू नकोस. टाकून दाखव."

"माझा खांदा, पोरी."

"एकदाच. हळू."

हिल्दो खुर्चीत बसून राहिला आणि तोंडानं सांगत राहिला. बोटं अशी, पाय असा, नजर अशी. पोर भिंतीवर चेंडू मारायची, तो परत आला की उचलायची. आठवडाभरानं तिनं हातमोजा पलंगाखाली ढकलला आणि पुन्हा विचारलं नाही. हिल्दो बायकोला म्हणाला, "चिकाटी नाही तिच्यात. तुझ्या माहेरचं रक्त."

नेरेइदा, त्याची बायको, भातावर झाकण ठेवत म्हणाली, "हो ना. आमच्याकडे लोक चेंडू मागितला की चेंडू देतात."

पंचवीस-तीस वर्षं न वापरलेला तो खांदा शेवटी एका सकाळी खरंच अडकला. शर्टाच्या बाहीत हात जाईना. तरुण डॉक्टरणीनं हात फिरवून पाहिला, फोटो काढला, आणि म्हणाली, "जुनी इजा म्हणताय, पण इथे इजेची खूणसुद्धा नाही, डॉन. हा सांधा न हलवल्यामुळे आखडलाय. हात वर करायला काय होत होतं तुम्हाला?" हिल्दोनं घरी येऊन सांगितलं की डॉक्टरनं कबूल केलं, तीस वर्षांपूर्वीची जखम आहे, एवढी वाईट जखम तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

तो साठीला आला त्या वर्षी सालिनेरोस क्लबनं आपल्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. राजधानीतून लिसबेथ नावाची एक पंचविशीतली मुलगी आली. जुन्या स्कोअररांच्या वह्या, पेपरांची कात्रणं, सगळं तपासून प्रत्येक खेळाडूचा आकडा न् आकडा ती लावत होती. पुस्तकाच्या समारंभाला हयात असलेल्या सगळ्या जुन्या खेळाडूंना बोलावणं गेलं. हिल्दोलाही.

त्यानं पत्र दुकानाच्या टीव्हीखाली चिकटवलं. "आता बघा," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "आता छापून येतंय. आजवर तोंडानं सांगत होतो म्हणून दात काढलेत. पिचरांची यादी लावणार आहेत, सगळ्यात कमी सरासरीपासून. वर कोण असेल? सांगा ना!"

शनिवारी सकाळी युदेल्कानं त्याला आपल्या गाडीतून नेलं. ती आता शाळेत शिकवत होती. हिल्दोनं पांढरा सूट घातला होता. उजवी बाही चढवायला नेरेइदाला दहा मिनिटं लागली. गाडीत तो सगळा वेळ इतरांबद्दल बोलत होता: कोण येईल, कोण मेला, कोण मेला असता तर बरं झालं असतं.

नगरपालिकेच्या सभागृहात शंभरेक माणसं होती. वेन्सेस्लाओ पुढच्या रांगेत बसला होता. तो आता समुद्रकाठी लोस पातोसला तळलेल्या माशांचं दुकान चालवायचा. त्याचा उजवा हात कोपरात वाकलेला तसाच राहिला होता, पाण्याच्या नळासारखा. हिल्दो त्याच्या शेजारून गेला. वेन्सेनं भिंतीकडे पाहिलं.

लिसबेथ एकेक नाव वाचू लागली. नाव वाचलं की तो माणूस उभा राहायचा, टाळ्या व्हायच्या.

"वेन्सेस्लाओ कुएवास. सोळा हंगाम. एकसष्ट विजय. अकराशे सहा डाव. सरासरी तीन पूर्णांक शेहेचाळीस."

सगळं सभागृह उभं राहिलं. हिल्दो बसल्या जागी पुटपुटला, "तीन शेहेचाळीस! आणि त्यावर टाळ्या!"

"पापा, गप्प बस," युदेल्का म्हणाली.

पुढे फेलिस आलं.

"लेओविहिल्दो फेलिस. दुसरा बेस. त्रेचाळीस सामने. फटक्यांची सरासरी हजारात एकशे एकाहत्तर." आणि मुलीनं पान उलटलं.

हिल्दो उभा राहिला होता. टाळ्या दोन-चार वाजून थांबल्या. तो खाली बसेना.

"बाई, पुढचं वाचा," तो म्हणाला.

"पुढचं म्हणजे?"

"पिचिंग. मी पिचर होतो. शून्य पूर्णांक शून्य शून्य."

मुलीनं कागद चाळले. ती खरोखर मदत करायला बघत होती. "हो, हो, आहे माझ्याकडे. एक डाव. तेवीस-दोनचा सामना, बरोबर? पण डॉन लेओविहिल्दो, पिचरांच्या यादीत यायला किमान दहा डाव लागतात. नाहीतर कोणीही एक डाव टाकून वर बसेल ना. तो आकडा तसा मोजत नाहीत. त्याला अर्थ नसतो."

"अर्थ नसतो?"

"एका डावाला? नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. एका म्हाताऱ्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून डोळ्याला लावली. ते कॅचर महाशय होते, आता आणखी जाडे झालेले.

"चार हंगाम दिले मी या क्लबाला!" हिल्दोचा आवाज चढला. "माझा खांदा दिला! आणि नऊ डावांसाठी माझं नाव गाळता? नऊ डावांसाठी?"

मग वेन्सेस्लाओ कुएवास उठला. त्यानं वळून हिल्दोकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"मुली," तो लिसबेथला म्हणाला, "माझे अकराशे सहा डाव आहेत ना?"

"हो, डॉन वेन्सेस्लाओ."

"त्यातले नऊ याला दे."

"असं नाही करता येत..."

"अगं, दे. मला कमी पडायचे नाहीत. सात कोरे घे, शून्य धावांचे. ते माझ्याकडून भेट. आणि उरलेले दोन त्या पूर्वेकडच्या सामन्यातले घे, सोळा-तीनच्या. ते तसेही याचेच होते, मी फक्त टाकले. पण धावांसकट न्यावे लागतील. पाच होत्या."

आणि त्या मुलीनं, ज्याला आकडा दिसला की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही अशा माणसाच्या भाबडेपणानं, समोरच्या यंत्रावर बोटं चालवली.

"दहा डाव, पाच धावा," ती म्हणाली. "चार पूर्णांक पन्नास."

हशा असा फुटला की बाहेरचे ड्रायव्हर आत डोकावले. वेन्से हसला नाही. तो खाली बसला आणि पुन्हा पुढे बघू लागला. त्याच्यापुरतं ते प्रकरण मिटलं होतं.

गाडी परतीच्या वाटेला लागली. समुद्र डावीकडे होता. हिल्दो म्हणाला, "त्यांना वाटतं मी मुद्दाम केलं. माझा खांदा खरंच..."

"पापा," युदेल्का रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी आठ वर्षांची होते तेव्हा तू गच्चीवरून उजव्या हातानं शेजाऱ्याच्या कुत्र्याला दगड मारलास. दोन गल्ल्या ओलांडून. बरोबर लागला. मी पाण्याच्या टाकीमागे होते."

हिल्दोनं खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

घरी नेरेइदा केळी तळत होती. त्यानं सुटासकट स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"खांद्याचं."

"लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. झोपेत पाठ खाजवायचास त्याच हातानं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नवरा खोटारडा आहे हे काय घरोघर सांगत फिरू?" तिनं केळ्याचे काप परतले. "तुझा खांदा दुखतो म्हणून पंचवीस वर्षं गॅसची टाकी मी उचलली, हिल्दो. पोटात पोर असतानाही. आणि आज शून्य गेलं म्हणून तोंड पाडून उभा आहेस होय? टाकी संपलीये. जा, भरून आण."

त्यानं कोट काढला. बाहीतून हात निघेना, आणि ती मदतीला आली नाही. शेवटी तो तसाच, अर्धा कोट अंगावर, रिकामी टाकी डाव्या खांद्यावर टाकून निघाला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाबाहेर डॉमिनोचा डाव रंगला होता. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"ए, आला, आला! साडेचार आला!"

"साडेचार, टाकी जड आहे का? वेन्सेला बोलवू?"

हिल्दो थांबला. आयुष्यभर तो या टेबलावर सगळ्यांचे आकडे दुरुस्त करत आला होता, तो आताही गप्प बसू शकला नाही. टाकी खाली आपटून तो ओरडला, "त्या पाच धावा माझ्या नाहीत! कळलं? त्या वेन्सेनं दिल्या! तिथे मी नव्हतोच!"

सोंगटी हातात धरलेल्या माणसानं वर पाहिलं.

"ते तर आम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला, आणि सोंगटी टेबलावर आपटली.